द्रावकाचं नाव

यंत्र नागपूरहून आलं तेव्हाच म्हातारं होतं.
चारशेसात गाडीत, तणसीवर आडवं निजून आलं.
लाखांदूरच्या आमच्या कॉलेजात त्याला खोली मिळाली
ती जिमखान्याची.
कॅरमचा बोर्ड अजून भिंतीला टेकून आहे.

चार हजारापासून पेन खाली येतं,
कागदावर घासत, सावकाश,
आणि लाईट जाते ती नेमकी अठराशेच्या आसपास,
कार्बोनिल यायच्या जरा आधी.
आलंच कधी, तर रेघ खोल खड्ड्यात उतरून वर येते.
बकाराम वाकून बघतो.
"पीक म्हन्ता नं याले? हे उलटंच उगवते का जी?"
त्याची चार बांध्या रोवणी अजून बाकी होती.

वडसा रोडच्या किराण्यातून कापराची पुडी आणली,
दहा रुपयांची.
हर्षाली उईकेनं खलात फोडली, तोलली,
चार नळ्यांत सारखीच घातली.

हेक्झेनमध्ये सतराशे पन्नास.
कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये पंचेचाळीस
(बंदीच्या आधीची बाटली, तळाशी दोन बोटं).
क्लोरोफॉर्ममध्ये अडतीस.
पेनाच्या जाडीनं एखाददोन इकडेतिकडे.
मिथेनॉलला आमच्या मिठाच्या काचा चालत नाहीत,
त्याच्यातल्या ओलीनं त्या झिजतात.
दुसऱ्या काचांची एकच जोडी, कोपऱ्यात चीर गेलेली.
तिच्यातून आलं ते बसकं, रुंद,
कडेला एक खांदा घेऊन.
काही रेणूंचा हात धरलेला, काही अजून मोकळे.

मी फळ्यावर काढून दाखवलं.
कार्बन, ऑक्सिजन, मध्ये दुहेरी स्प्रिंग.
हेक्झेन शेजारी बसतं, बोलत नाही.
क्लोरोफॉर्म आपला एकुलता हायड्रोजन
ऑक्सिजनला हलकेच टेकवतो.
तेवढ्यानं स्प्रिंग सैल पडते,
कंप बारा आकडे उतरतो.

"मंग मॅडम, खरा आकडा कोनता?"

वायूतला, मी म्हणाले. आसपास कोणीच नसताना.
"आपल्या यंत्रात निंघते का तो?"
नाही.
ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.
बकारामनं काचा हॉर्लिक्सच्या बरणीत ठेवल्या.
निळे खडे दमट हवेनं गुलाबी झाले होते.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक आले.
पुन्हा कापूर, पुन्हा त्याच बाटल्या.
वेव्हनंबर का सरकतो, त्यांनी विचारलं.
हर्षाली उभी राहिली.
"हायड्रोजन बंधामुळे, सर. त्या कारणानं
कार्बोनिलचा ताण कमी होतो."
त्यातला ण मी ऐकला, दोन्ही वेळा.
इतका टणक,
की स्टँडमधल्या नळ्या वाजाव्यात.

चौरासातली पोर. तिच्या घरी ण नाही.
पानी, लोनी, कोन.
ळही नाही, डोळ्याला डोरा म्हणतात.
माझ्याही घरी नव्हता.
सेट परीक्षेच्या वर्षी धंतोलीतल्या भाड्याच्या खोलीत,
आरशापुढे, जीभ टाळ्याला लावलावून
मी तो बसवला. अजून तासिकेवरच आहे.

परीक्षकांनी वीसपैकी अठरा दिले.

तासाभरानं एसटी स्टँडवर ती दिसली,
मावशीपुढे बाटली धरून:
"पानी पेतेस का? लय उन हाये."
उतरलं होतं ते, की आता चढलं होतं?
मूळ रेघ कुठून धरायची,
मला ठरवता आलं नाही.

तिच्या जर्नलात ऑगस्टमध्येच
तांबड्या शाईनं मी शेरा मारला होता:
नुसता आकडा लिहू नये.
शेजारी द्रावकाचं नाव लिहावं.

पवनीची गाडी लागली.
बोटांना कापराचा वास.
घरून फोन आला.
"हो माय," मी म्हटलं, "आत्ताच निंघाली."